गरब्याचे लूप आणि रीपर : बरेच महिने वापरल्यावर

आमच्या बडोद्यात गरबेवाल्यांची नवरात्र उन्हाळ्यातच सुरू होते. ढोली स्टेजवर असतोच, पण त्याच्या जोडीला मंजिरे, खंजिरी, बेस हा सगळा भरणा ऑक्टापॅडवरच्या (काड्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) लूपचा, म्हणजे फिरून फिरून वाजणाऱ्या छोट्या ध्वनितुकड्यांचा. ते लूप कापणं-ताणणं माझ्याकडे असतं आणि होळीपासून मी ते रीपर या कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंग-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये करतोय. सॉफ्टवेअरवर खूश आहे. टाइम-स्ट्रेचवर, म्हणजे सूर न बदलता आवाज लांबवण्या-आखडण्यावर मात्र लोक ठेवतात तेवढा भरवसा मी ठेवत नाही.

गरब्यात लय चढत जाते. संथ सुरू झालेली हींच (गरब्याचा एक ताल) शेवटी पळायला लागते, म्हणजे एकच लूप चार-पाच लयींत हवा. रीपरमध्ये ऑल्ट दाबून आयटमची (पडद्यावरच्या ध्वनितुकड्याची) कड ओढली की लूप लांबतो, सूर तोच राहतो. आत झेडप्लेन या बर्लिनच्या कंपनीचं इलास्टिक हे ताणण्याचं तंत्र आहे. हार्मोनियमवर ते सुरेख चालतं, आणि एकट्या गळ्यासाठी त्यातला सोलोइस्ट मोड लावून बघाच.

ढोलाची गोष्ट वेगळी. थापेचा जीव सुरुवातीच्या काही मिलिसेकंदांत असतो आणि ताणताना नेमका तोच पसरतो, कधी एका थापेच्या दोन ऐकू येतात. मिनिटाला ११६ ठोक्यांची हींच ९६वर आणा, काडीची थाप सादळलेल्या पापडासारखी लागते. पाच टक्क्यांपर्यंत कुणाला कळत नाही, त्यापुढे कळतं.

म्हणून ढोल मी ताणत नाही, कापतो. डायनॅमिक स्प्लिटने (कीबोर्डवर डी) थापेगणिक तुकडे करायचे आणि टाइमबेस (लय बदलल्यावर तुकड्याचं काय व्हावं ते ठरवणारी सेटिंग) ‘बीट्स, पोझिशन ओन्ली’ ठेवायचा. मग प्रोजेक्टची लय बदलली तरी तुकडे नुसते सरकतात. लय वाढली तर ते एकमेकांवर चढतात, तिथे बारीक फेड दिला (आवाज हळूच उतरवला-चढवला) की झालं. खरी मेहनत लय उतरवताना. दोन तुकड्यांत फट पडते, डग्ग्याच्या बाजूची गूंज मध्येच तुटते आणि हेडफोनवर ‘टक्’ ऐकू येतं. अशा वेळी थाप संपते तिथे आणखी एक काप घ्यायचा आणि फक्त मागची गूंज ऑल्टने ओढायची. थाप शाबूत राहते. वेळ जातो, पण मैदानातल्या मोठ्या स्पीकरवर ढोल ढोलासारखा वाजतो.

घाई असेल तर ‘प्रिझर्व्ह पिच’ची (सूर तोच ठेवण्याची) खूण काढून टाका. लय सहा टक्के वाढवली की सूर साधारण अर्ध्या स्वराने चढतो. ढोल-मंजिऱ्यांना ते खपतं, आणि लय उतरवली तर ढोल उलट भारदस्त होतो. तबल्यावर हे करू नका. काळी चारला लावलेला तबला लय उतरवून शेजारच्या खालच्या सुरात, पांढरी पाचात गेला तर गायक तिथेच माइक खाली ठेवेल.

बाकी, प्रत्येक लयीचं रीजन (टाइमलाइनवर आखलेला भाग) करून सगळ्या फायली एका दमात रेंडर होतात, म्हणजे तयार होऊन बाहेर पडतात, हे मला फार आवडलं. सोबत तयार लूपचा खजिना येत नाही आणि मेनू म्हणजे भुलभुलैया आहे. ६० दिवस फुकट वापरता येतं. छोट्या कमाईवाल्यांसाठीचं लायसन्स ६० डॉलरचं.

स्टेजवर ढोली ऐन रंगात ‘थोडुं वधारो ने’ (थोडी वाढवा ना) म्हणतो, त्या क्षणी लय बदलायची असेल तर एबलटन लाइव्ह हे दुसरं सॉफ्टवेअर बघा, ते त्याच कामासाठी बनलंय. घरी बसून लूप तयार करणाऱ्याला रीपर पुरे.