भरपाई बरी की राखणदार?
केनियात अंबोसेलीकडे सिंहाने गाय मारली की मसाई पोरं भाले घेऊन निघायची. त्यावर तिथल्याच म्बिरिकानी भागात २००३ पासून भरपाई सुरू झाली, गाय गेली की पैसे, पण गुरं नीट राखली नसतील तर रक्कम कापतात आणि सिंह मारला तर दंड. राग शांत होतो, पण गाय गेली ती गेलीच ना!

दुसरा उपाय २००७ चा, लायन गार्डियन्स. यात तेच भालेवाले मोरान (तरुण मसाई योद्धे) पगारी राखणदार, सिंहाच्या गळ्यातली रेडिओ कॉलर अन् ठसे बघून सिंह कुठंय ते शोधतात, गुराख्यांना सांगतात आज तिकडे जाऊ नका, चुकलेली गुरं आणतात, काटेरी बोमा (गुरांचे वाडे) दुरुस्त करतात, वर सिंहांना नावंपण देतात (नाव ठेवल्यावर मारायला हात धजत नसेल). मला हेच पटतं, पोरांचा मानपण राहतो. पण एवढं करूनही रात्री गाय गेलीच तर भरपाई लागतेच.