प्रस्तरारोहणाचं हेल्मेट: पावसाळा-उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर स्वतःचं हेल्मेट घेतलं. त्याआधी ग्रुपच्या पोत्यातून हाताला लागेल ते डोक्यावर चढवायचे. माझं हार्डशेल आहे: बाहेरून एबीएस प्लॅस्टिकचं कडक कवच, आत टाळूवर ईपीएस फोम, म्हणजे थर्माकोलच, पण खूप घट्ट. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. दुकानात पूर्ण फोमची, दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमची हेल्मेटंही होती आणि ती डोक्यावर जाणवतही नाहीत. तरी मी जडच घेतलं आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तरी तेच घेईन. पुण्यातून सुळक्यांवर जायचं म्हणजे एसटी नाहीतर ट्रॅक्सचा टप. त्यावर सॅकांची रास आणि पुढे बेसॉल्टच्या खरखरीत कातळाशी घासाघीस. फोमच्या हेल्मेटला त्यात लवकर पोचे पडतात. हार्डशेलवर ओरखडे उठतात, पण ते टिकतं.

दुकानात रंगाआधी आतला छापील मजकूर वाचा. ईएन १२४९२ हे गिर्यारोहणाच्या हेल्मेटचं युरोपीय मानक आहे. यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचं १०६ क्रमांकाचं मानक त्याहून थोडं कडक. चाचणीत ५ किलोचं वजन २ मीटरवरून टाळूवर सोडतात आणि मानेपर्यंत पोचणारा जोर पहिल्या मानकात १० किलोन्यूटनच्या, दुसऱ्यात ८ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. बाजूंवर मात्र तेच वजन अर्ध्या मीटरवरूनच टाकतात. म्हणजे हेल्मेटची खरी ताकद टाळूवर आहे. त्यामुळे "दगड!" अशी हाक आली की वर बघायचं नाही. कातळाला चिकटायचं, खांदे आवळायचे, टाळू वर ठेवायची. वर बघितलं की हेल्मेट मागे सरकतं आणि तोंड उघडं पडतं. नवीन मुलांना हे तोंडी सांगून भागत नाही, जमिनीवर दोन-चार वेळा करून घ्यावं लागतं.

"बोहरी आळीत साइटवरचं पिवळं हेल्मेट स्वस्तात मिळतं, ते का नको?" हा प्रश्न मला दर वेळी येतो. अडचण हनुवटीच्या पट्ट्याची आहे. युरोपीय मानकाच्या साधारण औद्योगिक हेल्मेटचा पट्टा १५० ते २५० न्यूटन ओढीला सुटावा असाच बनवलेला असतो, कारण पट्टा कुठे अडकला तर कामगाराला फास बसू नये. आपल्याला उलट हवं. पडताना पहिला फटका बसल्यावर दुसऱ्यालाही हेल्मेट डोक्यावरच पाहिजे, म्हणून आरोहणाच्या हेल्मेटचा पट्टा ५०० न्यूटनला तग धरतो. स्कूटरचं हेल्मेटही नको. त्यात वजन, उकाडा आणि शिवाय कान बंद, म्हणजे बिले देणाऱ्याची, आपला दोर सांभाळणाऱ्याची, हाकच ऐकू यायची नाही.

बसवण्याचं सांगायचं तर कड भुवयांच्या वर दोन बोटं, त्याहून मागे नको. मागची चकती आवळून पट्टा न लावता मान हलवायची. हेल्मेट जागचं हलता कामा नये. बाजूचे पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे जुळले पाहिजेत. लांब केसांच्या मैत्रिणींना खास सांगते: अंबाडा घालू नका, हेल्मेट पुढे ढकललं जातं. मानेशी सैल वेणी घाला. सॅकचं वरचं झाकण उंच भरलं असेल तर मान वर करताच तेही हेल्मेट कपाळावर लोटतं. हा त्रास मला पहिल्याच चढाईत झाला. आता जड सामान खाली भरते.

या महिन्यांत माझं एक मत पक्कं झालंय. हेल्मेट दोर बांधताना नाही, कड्याखालच्या घसाऱ्यात पाऊल टाकायच्या आधी चढवायचं. तैलबैल्याला दोन भिंतींमधल्या खिंडीत आमची टोळी बसली होती. लीड करणारा, म्हणजे दोर घेऊन सगळ्यांत पुढे चढणारा, वर होता, त्याचा दोर एका पायरीवरून घासत गेला आणि सुपारीएवढा दगड सुटला. तो माझ्या टाळूच्या डाव्या बाजूला टक्कन आपटला. मी त्या वेळी चढत नव्हते, बिलेही देत नव्हते, चिक्की खात होते. दगड दोरानं सुटतात, माकडांनी सुटतात, पावसाळ्यानंतर मातीची पकड सुटल्यावर आपोआपही सुटतात. आणि खाली थांबलेलेच सर्वांत निवांत असतात.

घरी आल्यावर आतली गादी काढून बॅटरीच्या तिरप्या उजेडात फोम पाहिला. कवचावर नखभर पांढरा ओरखडा होता. बोट फिरवलं तर खोलगट लागत नव्हता, मागचा फोम सलग होता, रिबेट घट्ट होते. म्हणून हेल्मेट ठेवलं. फोम एकदा चेपला की परत फुगत नाही. चेपूनच तो फटका गिळतो. त्यामुळे फटका मोठा असता, तर वरून काही दिसत नसतानाही मी ते बाद केलं असतं. आणि डोक्याएवढ्या धोंड्यापुढे कुठलंच हेल्मेट पुरत नाही. दगडाच्या वाटेत न थांबणं हाच तिथे उपाय.

निगा साधी आहे, पण सोडायची नाही. कोमट पाणी, अंगाचा सौम्य साबण, मऊ फडकं. पेट्रोल, थिनर, स्पिरिट लावायचं नाही. डासांच्या मलमातलं डीट हे रसायन प्लॅस्टिक खातं, म्हणून मलम लावल्यावर हात धुऊनच हेल्मेट धरते. स्टिकर आणि मार्करनं नावही नको, त्यातली रसायनं कवचात मुरतात. मी पट्ट्याला रंगीत दोरा बांधलाय. जुलैत पुण्यात काही वाळत नाही आणि घामाच्या गादीला कुबट वास येतो, तेव्हा गादी काढून रात्रभर पंख्याखाली ठेवते, हीटरपुढे नाही. सॅकमध्ये हेल्मेटच्या पोकळीत कपडे भरते, डबा किंवा कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) कधीच नाही. आणि त्यावर बसू द्यायचं नाही, कितीही दमलेलं माणूस असो.

उन्हाचं प्रकरण आमच्या ग्रुपमध्ये घडलं. एका मित्राचं फोमचं हेल्मेट एप्रिलभर गाडीच्या मागच्या काचेखाली राहिलं. वरचं पातळ कवच फोमपासून सुटून त्याला फुगे आले होते, दाबलं की कुरकुरायचं. एकही दगड न लागता हेल्मेट वाया गेलं. तसंही बहुतेक कंपन्या निर्मितीपासून जास्तीत जास्त १० वर्षं देतात, तीही नीट वापरलं तर. ती तारीख आत छापलेली असते, खरेदीच्या पावतीवरची नव्हे. म्हणून जुनं हेल्मेट विकत घेऊ नका, त्यानं काय काय सोसलंय ते कुणी सांगणार नाही. मित्राच्या त्या हेल्मेटचे पट्टे आम्ही कात्रीनं कापले आणि मगच ते भंगारात दिलं, नाहीतर कुणीतरी उचलून पोराच्या डोक्यावर घातलं असतं.