'पास' दिसलं आणि आम्ही पैसे मोजले: मेल रिलेच्या नावाखाली झालेली फसवणूक

ऑगस्ट २०२४. आमच्या पतसंस्थेचे एक जुने सभासद, निवृत्त गुरुजी, काउंटरवर आले आणि खिशातला घडी घातलेला कागद माझ्यासमोर ठेवला. "पोरी, पैसे भरून चार दिवस झाले. पावती काही आली नाही गं."

कागदावर एका मेलची प्रिंट होती. पाठवणारा पत्ता आमच्या ठेव विभागाचा, खाली संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक. गुरुजींच्या मुदत ठेवीची रक्कम आणि मुदत संपायची तारीख दोन्ही अचूक. मजकूर असा की टीडीएसच्या फरकाचे ३४,५०० रुपये भरल्याशिवाय ठेवीचं नूतनीकरण होणार नाही, रक्कम खालील खात्यावर जमा करावी. ते खातं आमचं नव्हतं. तो मेल आम्ही पाठवलाच नव्हता.

संस्थेचा संगणक विभाग मी पाहते. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, मुख्य कार्यालय आणि चार शाखा. ठेवपावत्या, हप्त्यांची आठवण, वार्षिक सभेची नोटीस, सगळं कार्यालयातल्या आमच्याच मेल सर्व्हरवरून जातं. त्यामुळे गुरुजींना काय उत्तर द्यायचं हे ठरवणारी मीच होते, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे लिहिते आहे ते अशा छोट्या संस्थांत माझ्यासारखं काम करणाऱ्यांसाठी.

सुरुवात त्याच्या वर्षभर आधीची. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही इंटरनेटची लाइन बदलली. नवा पक्का आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, मिळाला आणि महिन्याभरात जीमेलवाल्या सभासदांना आमचे मेल पोहोचेनासे झाले. काही परत यायचे, काही स्पॅममध्ये पडायचे. कारण साधं होतं, ते मला आता कळतं. नव्या आयपीचा रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद, लावलेलीच नव्हती. ती लाइन देणाऱ्या कंपनीकडूनच लावून घ्यावी लागते. एक अर्ज केला असता तर अर्धं दुखणं तिथेच थांबलं असतं.

त्याऐवजी एका संचालकांच्या ओळखीतून पुण्याचा एक सल्लागार आला. तिशीतला, बोलण्यात अदब, मला पहिल्या वाक्यापासून 'ताई'. त्याने माझ्यासमोर आमचा आयपी स्पॅमहाउस या स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला. लाल पट्टी आली. चेअरमनसाहेबांकडे वळून म्हणाला, "साहेब, तुमची संस्था जगभर ब्लॅकलिस्ट झाली आहे." साहेबांचा चेहराच उतरला. पतसंस्थेच्या माणसाला 'ब्लॅकलिस्ट' हा शब्द कसा लागतो ते वेगळं सांगायला नको.

ती नोंद पीबीएल नावाच्या यादीतली होती. ब्रॉडबँडचे जे आयपी थेट जगाला मेल पाठवण्यासाठी नसतात, त्यांची ही यादी. तिच्यात असणं म्हणजे स्पॅम पाठवल्याचा आरोप नव्हे. पक्का आयपी असेल आणि त्यावर स्वतःचा मेल सर्व्हर चालत असेल तर तिथेच अर्ज भरून नाव काढून घेता येतं, फुकट. स्पॅमहाउस नाव काढण्याचे पैसे घेतच नाही. आमच्याकडून त्याने 'ब्लॅकलिस्ट रिमूव्हल' म्हणून १८,००० रुपये घेतले.

आणि लगेच दुसरं बिल दिलं, 'डेडिकेटेड इंटरनॅशनल रिले'चं. वर्षाला ५४,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ६३,७२० रुपये.

रिले म्हणजे काय ते सांगते, कारण फसवणूक या जागी झाली. आपला सर्व्हर प्रत्येक मेल थेट समोरच्याच्या दारात नेऊन देऊ शकतो, किंवा सगळे मेल एका मधल्या सर्व्हरकडे सोपवू शकतो आणि तो पुढे वाटप करतो. आमच्याकडे लिनक्सवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हरचा प्रोग्राम आहे. त्याच्या मेन डॉट सीएफ या फाइलमध्ये 'रिलेहोस्ट' अशी एक ओळ असते. तिथे मधल्या सर्व्हरचं नाव आणि पोर्ट ५८७ लिहायचं, युजरनेम-पासवर्ड वेगळ्या फाइलीत ठेवायचा, पोस्टफिक्स रीलोड करायचा. जाणत्या माणसाचं तासाभराचं काम. पुढे जीमेलला दिसतो तो त्या रिलेचा आयपी, आपला नव्हे. म्हणजे रिले घेतल्यावर आमचा आयपी पीबीएलमध्ये असला काय आणि नसला काय, काही फरक पडत नव्हता. एकाच दुखण्याची दोन औषधं, आणि त्याने दोन्हींचे पैसे घेतले. तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या हे डोक्यात आलं नाही.

काम झाल्यावर त्याने चाचणीचा मेल पाठवला, जीमेलमध्ये तो मूळ रूपात उघडला आणि 'एसपीएफ: पास' या ओळीवर बोट ठेवलं. "बघा ताई, पास." मी बघितलं. व्यवस्थापकांनी बघितलं. त्याच दिवशी धनादेश निघाला.

एसपीएफ ही डोमेनच्या, म्हणजे आपल्या इंटरनेटवरच्या नावाच्या, डीएनएसमध्ये (त्या नावाच्या जाहीर नोंदवहीत) ठेवलेली एक ओळ असते. आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे हे ती जगाला सांगते. ओळीच्या शेवटी बाकीच्यांचं काय करायचं ते लिहितात: 'मायनस ऑल' म्हणजे बाकी कुणाला परवानगी नाही, 'टिल्ड ऑल' म्हणजे बाकीच्यांकडे संशयाने बघा. त्याने लिहिलं होतं 'प्लस ऑल'. अर्थ असा की जगातल्या कोणत्याही यंत्राने आमच्या नावाने मेल पाठवला तरी तो खराच समजा. घराला कुलूप लावण्याऐवजी त्याने दारच काढून ठेवलं होतं. मग कुणीही आत गेला तरी 'पास'च दिसणार. ज्या शब्दावर आम्ही पैसे दिले, तो शब्द त्या दिवशी कुणाच्याही मेलवर उमटला असता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठी नवे नियम लागू केले. त्याचा फोन आला, "ताई, पाच हजारांची अट आली आहे. अपग्रेड केलं नाही तर सगळं बंद." आणखी २५,००० रुपये. खरी गोष्ट अशी की पाच हजारांचा आकडा जीमेल खात्यांवर एका दिवसात तितके मेल पाठवणाऱ्यांसाठी आहे. आमचे ई-मेल दिलेले सभासद २,६०० च्या आसपास, आणि महिन्याचे मेल नऊ हजारांच्या वर जात नाहीत. सगळ्यांनाच लागू असलेले नियम मूलभूत आहेत: एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) असावं, रिव्हर्स डीएनएस नीट असावा, जोडणी टीएलएसने, म्हणजे वाटेत मजकूर कुणाला वाचता येणार नाही अशी, व्हावी. हे त्याने पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, त्याचेच तर पैसे घेतले होते. आम्ही २५,०००ही दिले.

गुरुजी आले त्या दिवशी आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी गेले. चार दिवस झाले म्हटल्यावर तो क्षणभर गप्प राहिला. लवकर कळवलं तर ज्या खात्यात रक्कम गेली तिथेच ती रोखून धरता येते. चार दिवसांत ती पुढे कुठल्या कुठे गेलेली असते. सायबर क्राइमच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवली. गुरुजी शेजारी बसून होते. मध्येच म्हणाले, "तुमचा पत्ता होता म्हणून मी कुणाला विचारलं नाही." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

रात्री माझ्या मावसभावाला फोन केला. तो पुण्यात सर्व्हरचंच काम करतो. त्याने गुरुजींच्या फोनवरून त्या मेलचं हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला त्याची नोंद, मागवलं. मेल परदेशातल्या कुठल्याशा यंत्रावरून निघाला होता, खाली 'एसपीएफ पास'. त्याने आमची एसपीएफची ओळ वाचली आणि इतकंच म्हणाला, "ताई, हे कुणी लिहिलं?"

मग रिले. 'डेडिकेटेड इंटरनॅशनल' म्हणून विकलेला रिले म्हणजे त्या सल्लागाराने भाड्याने घेतलेला एक साधा सर्व्हर होता. आमच्या मेलच्या हेडरमध्ये पुढचा टप्पा दिसत होता: तिथून मेल एका स्वस्त सामायिक सेवेत जात होते, त्याच्या नावच्या एका खात्यातून. तुलनेला सांगते, ॲमेझॉनची एसईएस ही सेवा हजार मेलला दहा अमेरिकी सेंट आकारते. आमच्या नऊ हजार मेलचा हिशेब महिन्याला शंभर रुपयांच्या आत बसतो. बिलावरचा जीएसटी क्रमांकही मी त्या रात्रीच पहिल्यांदा जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला. रद्द झालेला होता.

गुरुजींच्या ठेवीची तारीख त्या भामट्यांना कशी कळली? ठेवीची आठवण देणारा आमचा खरा मेल दहा दिवस आधी गेला होता, याच रिलेवरून. टीएलएस असला तरी तो दोन सर्व्हरमधल्या वाटेपुरता असतो. रिलेवर पोहोचलेलं पत्र तिथे उघडं असतं. तो सर्व्हर चालवणाऱ्याला ते वाचता येतं, त्याची प्रत ठेवता येते, आणि पाठवणाऱ्याला त्याचा मागमूस लागत नाही. त्यानेच माहिती विकली असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण आमच्या सभासदांच्या ठेवींचे आकडे वर्षभर एका अनोळखी माणसाच्या भाड्याच्या यंत्रातून जात होते, आणि ते आम्ही पैसे देऊन घडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सल्लागाराला फोन करून 'प्लस ऑल'बद्दल विचारलं. आधी म्हणाला तशीच पद्धत असते. मग म्हणाला, बघतो. संध्याकाळी त्याने रिलेचा पासवर्ड बदलला. आमच्या सर्व्हरवर रांग वाढू लागली, प्रत्येक मेलपुढे ऑथेंटिकेशन फेल. रांगेत होती वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस. आमची सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यावीच लागते आणि नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी जावी लागते. हे त्याला ठाऊक होतं, कारण आधीच्या वर्षी ती त्याच्याच रिलेवरून गेली होती. त्याचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: चालू करायचं असेल तर 'मायग्रेशन चार्जेस' ४०,००० रुपये.

संचालक मंडळाच्या बैठकीत दोघा-तिघांचं मत पडलं की देऊन टाका, सभा महत्त्वाची. व्यवस्थापकसाहेब नाही म्हणाले आणि ठाम राहिले, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पाचही ठिकाणचे कर्मचारी तीन रात्री पत्ते चिकटवत बसले आणि नोटीस टपालाने गेली. शिपाईमामांनी तर घरून मुलीला मदतीला आणलं होतं.

एसपीएफची ओळ मात्र लगेच बदलता आली नाही. पहिल्या दिवशी 'सेटिंगसाठी लागेल' म्हणून त्याने डोमेनचं लॉगिन मागितलं होतं. मी दिलं, ओटीपीही वाचून दाखवला. त्याने खात्याचा ई-मेल बदलून स्वतःचा टाकला होता. डोमेन आमच्या संस्थेच्या नावावर, चावी त्याच्या खिशात. डोमेन विकणाऱ्या कंपनीला नोंदणी प्रमाणपत्र, लेटरहेडवर ठराव, अध्यक्षांचं ओळखपत्र, असं पाठवत पाठवत १९ दिवसांनी खातं परत मिळालं. ते १९ दिवस 'प्लस ऑल' तसंच होतं. प्रत्येक शाखेत फलक लावला, सभासदांना एसएमएस केले, आणि फोन वाजला की पोटात गोळा यायचा.

पोलिसांनी लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदी, मागितले, तिथे आम्हीच उघडे पडलो. सर्व्हर बसवला तेव्हापासून लॉग चार आठवड्यांत आपोआप पुसले जात होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलं आहे, हे मला तपास अधिकाऱ्यांकडून कळलं. तक्रार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ डी कलमाखाली आहे आणि अजून प्रलंबित आहे. सल्लागाराचा फोन लागत नाही.

आता एसईएसचं खातं संस्थेच्या नावावर आहे, ओटीपी कार्यालयाच्या तिजोरीशेजारच्या फोनवर येतो. नव्या खात्याला आधी दिवसाला दोनशेच मेलची मुभा असते, तीही पडताळलेल्या पत्त्यांवरच; आम्ही कोण, कुणाला आणि का पाठवतो हे लिहून दिल्यावर मर्यादा उठली. एसपीएफ 'मायनस ऑल'वर संपतं, डीकेआयएमची सही लागते, डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद, आधी नुसतं पाहणीवर ठेवलं आणि दोन महिने अहवाल वाचून मग नकारावर आणलं. त्या अहवालांत सुरुवातीला आमच्या नावाने मेल पाठवू पाहणारी परकी यंत्रं दिसायची. आता क्वचित दिसतात. या सगळ्यासाठी मावसभाऊ दोन रविवार बसला, जेवणापलीकडे काही घेतलं नाही. त्याने केलेली प्रत्येक ओळ मी वहीत लिहून घेतली आहे. त्या वहीत पहिल्या पानावर चार चाव्या आहेत: डोमेन, डीएनएस, सर्व्हर, रिले, आणि प्रत्येकीपुढे तिचा ओटीपी कुठे येतो ते.

गुरुजींचे पैसे परत आले नाहीत. संस्थेने भरून द्यावेत असा अर्ज मी मंडळापुढे ठेवला आहे, निर्णय व्हायचा आहे. २०२५ च्या सभेची नोटीस ई-मेलने गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी काउंटरवर आले. हातात प्रिंट, घडी तशीच चौपदरी.

"ही तुमचीच ना?"

मी त्यांच्या फोनवर तो मेल उघडला, मूळ रूपात दाखवला, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "परत एकदा वाच. सावकाश."