अझादूता ऐका, पण चांगल्या स्पीकरवर

गेले तीन आठवडे रात्री जेवणं झाली की गच्चीवर जाऊन एकच बँड ऐकतेय, अझादूता, आणि आता लिहिल्याशिवाय राहवेना. सिडनीचा बँड आहे, रॉबिन झिरवांडा म्हणून गायक आहे तो चालवतो, तालवाद्यं पण वाजवतो, गाणी असिरियन भाषेत आणि ठेका लॅटिन, फंक असा कुठला कुठला. नावाचा अर्थ आपल्याला न सांगता लागतो बघा, आझादवरून अझादूता, म्हणजे स्वातंत्र्य.

असिरियन म्हणजे उत्तर इराक, सीरिया, तुर्कस्तान, इराण या पट्ट्यातले ख्रिश्चन लोक, घरात सुरेत बोलतात, ती अरामाइकच्या घराण्यातली. १९१५ ला ऑटोमन राजवटीत कत्तली झाल्या, १९३३ ला इराकमध्ये सिमेलेला परत, २०१४ ला इसिसनं निनवेच्या मैदानातली गावं रिकामी केली. दरवेळी माणसं बाहेर पडली, कुणी शिकागोला, कुणी स्वीडनला, कुणी सिडनीत. देश नाही पण भाषा सोबत नेली.

मला हे एवढं का लागलं तर आम्ही पद्मशाली, तेलुगू बोलणारे विणकर. पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापूरला आले, शाळा मराठीत झाली, बाजारहाट मराठीत, आणि अशोक चौकाकडच्या आमच्या घरात अजून तेलुगूच. पण भाचीला तेलुगूत विचारलं की ती मराठीत उत्तर देते, आई गप्प बसते, मला ते बघवत नाही. आणि इथं हा माणूस सिडनीत राहून त्याच्या घरातली भाषा घेऊन उभा राहतो आणि एक शब्द न कळणाऱ्यालाही पाय हलवायला लावतो, हे बघून खरंच गळा दाटून आला.

आता गाण्यांचं. असिरियन लग्नात झुर्ना आणि दावला वाजतं, झुर्ना म्हणजे आपल्या सनईची मोठ्या आवाजाची बहीण, दावला म्हणजे दोन तोंडांचा ढोल, एका हातात जाड काठी आणि दुसऱ्या हातात बारीक छडी. हलगी ऐकत वाढलेल्या माणसाला हा ठेका शिकवावा लागत नाही. त्यावर खिग्गा नाचतात, सगळे हात धरून रांगेत, पुढचा रुमाल फिरवत. अझादूताच्या गाण्यात लॅटिन तालाच्या खाली तीच चाल मला लागत राहते, तिथंच ते जिंकतात. परवा आई भाकरी थापत होती, फोन ओट्यावर होता, एक गाणं सुरू झालं तशी थापायची थांबली आणि म्हणाली, हे कुणाच्या लग्नातलं गं? मी सांगितलं सिडनीतलं, तर म्हणे असू दे, परत लाव.

एक तक्रार आहे पण. या लोकांच्या जुन्या गाण्यात दोन सुरांच्या मधले सूर असतात, मकामातले, मकाम म्हणजे तिकडचे राग म्हणा, पेटीवर वाजवायला गेलं तर सापडत नाहीत. एविन अगासीची गाणी ऐका, इराणात जन्मून अमेरिकेत गेलेला गायक, आवाज त्या मधल्या जागेत कसा थांबतो कळेल. मिसळलेल्या संगीतात गिटार, कीबोर्ड आले की त्या जागा थोड्या सपाट होतात असं मला वाटतं. नाचायला काही कमी पडत नाही, पण रात्री एकटं बसून ऐकताना मी अगासीकडेच वळते.

आणि स्पीकर नीट घ्या. मी नवी पेठेतल्या एका दुकानातून ब्लूटूथवाला आणला, पहिल्याच दिवशी ढोलाच्या ठोक्याला फाटायला लागला, बदलून द्यायला गेले तर तो म्हणे आवाज कमी ठेवा. ढोल ऐकायचा आणि आवाज कमी ठेवायचा, असं कसं चालेल? शेवटी भावाचा हेडफोन मागून घेतला, तेव्हा कुठं ती बारीक छडी वेगळी ऐकू आली.

पाचपैकी साडेचार. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा भाची येणारे चार दिवस, तिला आधी हेच ऐकवणार आहे आणि मग आजीची तेलुगू गाणी.