अँटिऑक्सिडंट कॅप्सूल: डबीची मागची बाजू

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसाचे आठ-नऊ तास बारीक टायपात डोकं घालून बसायचं, त्यामुळे संध्याकाळ झाली की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. ते बघून नणंदेनं ही डबी आणून दिली. "डोळ्यांसाठी चांगली आहे वहिनी, घेऊन तर बघा."

डबी देखणी आहे, ते आधी मान्य करते. साठ कॅप्सूल, झाकण घट्ट, कॅप्सूलला वास नाही, घशात अडकत नाही. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत 'पेशींचं कवच' आणि त्याखाली 'ओरॅक' नावाचा एक भलामोठा आकडा. मीही त्या आकड्याला भुलले. नंतर वाचलं तेव्हा कळलं, की ओरॅक हे एखाद्या पदार्थाची अँटिऑक्सिडंट ताकद किती, याचं परीक्षानळीतलं मोजमाप. अमेरिकेच्या कृषी खात्यानं या आकड्यांची आपली यादी २०१२ मध्येच काढून टाकली, कारण नळीतल्या आकड्यावरून शरीरात काय होईल ते सांगता येत नाही. डबीवर मात्र तो अजून सोन्यानं मढवलेला आहे.

सुरुवातीला मी रोज एक घ्यायचे, सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी. तिसऱ्या दिवशी इतकं मळमळलं, की हातातलं प्रूफ बाजूला ठेवून दहा मिनिटं खिडकीशी उभी राहिले. दोष माझाच. मागे स्पष्ट लिहिलंय, 'जेवणासोबत घ्यावी'. यात झिंक आहे आणि झिंक रिकाम्या पोटाला मानवत नाही. शिवाय ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन (गाजरातलं नारिंगी द्रव्य) स्निग्ध पदार्थात विरघळणारी, ती जेवणाबरोबरच नीट शोषली जातात. जेवणानंतर घ्यायला लागल्यावर मळमळ थांबली.

दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या बाईनं स्वतःच्या पोटात जाणारी वस्तू न वाचता गिळावी, याची मला जरा लाजच वाटली. मग भिंग घेऊन बसले. पहिला शोध: तक्त्यातले सगळे आकडे दोन कॅप्सूलचे आहेत. 'एक सर्व्हिंग = २ कॅप्सूल' ही ओळ तक्त्यातल्या सर्वांत बारीक टायपात. म्हणजे दोन महिन्यांची वाटणारी डबी महिन्याचीच. दोन कॅप्सूलमध्ये सी जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई ४०० आययू (जीवनसत्त्वं मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक), बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम, झिंक ३० मिलिग्रॅम.

मी आधीपासून एक मल्टिव्हिटॅमिन घेते. त्यात सेलेनियम ५५ आणि झिंक १५. प्रुफाच्या समासात बेरीज केली. डबीवरच्या सूचनेप्रमाणे दोन-दोन घेतल्या असत्या, तर सेलेनियम २५५ मायक्रोग्रॅम, म्हणजे युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२३ मध्ये प्रौढांसाठी घातलेली कमाल मर्यादा जिथल्या तिथे गाठली. जेवणातून मिळणारं सेलेनियम वर आणखी. (अमेरिकेची मर्यादा ४०० आहे.) झिंक ४५, आणि तिथे अमेरिकेचीही मर्यादा ४०. जास्त झिंक बरेच दिवस पोटात गेलं की तांब्याचं शोषण अडतं. म्हणून डोळ्यांवरच्या त्या प्रसिद्ध 'एरेड्स' प्रयोगात ८० मिलिग्रॅम झिंकबरोबर २ मिलिग्रॅम तांबं मुद्दाम दिलं होतं. या डबीत तांबं नाही.

एरेड्सचं नाव डबीवर नाही, पण डोळ्यांचा दावा त्याच्याच जिवावर चाललेला दिसतो. २००१ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: वयोमानानं दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याचा विकार ज्यांच्यात मधल्या टप्प्यावर पोचलाय, त्यांच्यात तो पुढे बळावण्याचा धोका या मिश्रणानं सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. खरा, मोजलेला फायदा, पण त्या रुग्णांना. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे डबी घेऊनच गेले. त्यांनी पडदा तपासला, तो ठणठणीत निघाला. चष्म्याचा नंबर मात्र बदलला होता आणि डोळे कोरडे पडत होते. नवा चष्मा आल्यावर आठवड्याभरात डोळ्यांतली वाळू नाहीशी झाली. कॅप्सूलला श्रेय द्यायला माझ्याकडे काही उरलं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. दुसऱ्या आठवड्यापासून आमचे हे पण त्याच डबीतून रोज एक घेत होते, मला न सांगता. यांनी सिगारेट सोडून दोन वर्षं झाली, त्याआधी पंचवीस वर्षं ओढली. "फुप्फुसं साफ होतील," म्हणाले. मी बीटा कॅरोटीनच्या ओळीवर बोट ठेवलं. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला होता, रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन देऊन. फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला, तर घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त. बीटा कॅरोटीनच्याच अमेरिकेतल्या 'कॅरेट' प्रयोगात सिगारेट सोडलेलेही होते. तो १९९६ च्या जानेवारीत मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावा लागला, तिथेही कर्करोग वाढलेला दिसला म्हणून. एरेड्सवाल्यांनी पुढच्या प्रयोगात बीटा कॅरोटीनऐवजी ल्युटीन आणि झिआझँथिन ही भाज्यांतली पिवळी रंगद्रव्यं वापरून पाहिली, आणि २०१३ पासून मिश्रणात तेच सुचवतात. यांची मात्रा कमी होती, दिवसही अकराच, त्यामुळे घाबरवलं नाही. पण डबीवर 'धूम्रपान करणाऱ्यांनी किंवा सोडलेल्यांनी घेऊ नये' एवढी एक ओळ मी शोध शोध शोधली. नाही. 'तारुण्य' हा शब्द चार ठिकाणी आहे.

ई जीवनसत्त्वाबद्दलही सूचना हवी होती. मोठ्या मात्रेत ते रक्त गोठण्याच्या आड येतं, वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि ३५ हजारांवर पुरुषांच्या 'सिलेक्ट' प्रयोगात रोज ४०० आययू ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला, २०११ चा निष्कर्ष. या डबीतली मात्रा तीच, ४०० आययू.

सी जीवनसत्त्वाबद्दल माझी तक्रार नाही. प्रौढांची मर्यादा २००० मिलिग्रॅम, हे ५००. फक्त मुतखड्याचा त्रास असेल तर विचारून घ्यावं.

पाचपैकी दीड तारा. त्यातला अर्धा कॅप्सूलच्या आकाराला. नणंदेला फोन करून सगळं सांगितलं, ती आधी रुसली, मग हळूच म्हणाली, "वहिनी, मी पण दोन घेते हो. आणि वर झिंकची वेगळी गोळी." तिची डबी मागवून घेतलीय, बेरीज करायला.

आमच्या डबीत ३१ उरल्या होत्या, त्या काढून टाकल्या. डबीत आता टाचण्या ठेवते. झाकण खरंच घट्ट बसतं.