शेफ नाइफ आणि सांतोकू: कारखान्याची धार उतरल्यानंतरचा अनुभव

नवी सुरी पहिले काही आठवडे चांगलीच कापते. ती घेण्यासारखी होती की नाही, हे कारखान्यात लावलेली धार उतरल्यावर कळतं. इथे तुलना दोन सुऱ्यांची आहे. पहिली २० सेंमीची जर्मन पद्धतीची शेफ नाइफ, पोलाद एक्स५०सीआरएमओव्ही१५ (कार्बन सुमारे ०.५ टक्के, क्रोमियम १५, कडकपणा रॉकवेल मापावर ५६च्या आसपास). दुसरी १८ सेंमीची सांतोकू, म्हणजे जपानी पद्धतीची स्वयंपाकाची सुरी, पोलाद व्हीजी-१०, कडकपणा साधारण ६०.

पहिलीची धार लवकर उतरते, पण ती मोडत नाही, एका बाजूला कलते. पोलादी दांडीवर हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा ओढली की टोमॅटोची साल पुन्हा न दाबता कापली जाते. सांतोकूची धार कितीतरी जास्त टिकते, मात्र ती कलत नाही, तिचे टवके उडतात. दाब दिल्याने सहसा काही होत नाही. भोपळ्यात अडकलेली सुरी आडवी पिळून सोडवली की कडेला खाचा पडतात. हाडं आणि गोठलेले पदार्थ हिच्याखाली नकोतच. खरखरीत पोलादी दांडीही नको. बारीक सिरॅमिक दांडी किंवा थेट धार लावायचा दगड वापरा.

खरेदी करताना पोलादाच्या नावाइतकंच, कदाचित जास्तच, कडेच्या लगेच वरची जाडी बघा. पातं तिथे जाड असेल तर धार कितीही तेज असली तरी गाजर कापलं जाण्याऐवजी पाचरीने फोडल्यासारखं तडकतं. अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं पातं उत्तम. या कसोटीवर सांतोकू सहज पुढे आहे.

शेफ नाइफची खरी खोट तिच्या बोल्स्टरमध्ये आहे. मुठीजवळचा हा जाड भाग थेट कडेपर्यंत उतरलेला असेल तर दगडावर पातं झिजतं, तो झिजत नाही. मग टाचेजवळ, म्हणजे मुठीकडच्या टोकाला, पातं बोर्डाला टेकत नाही आणि चिरलेली पालेभाजी एकमेकांना लोंबकळत राहते. अर्धा बोल्स्टर किंवा बोल्स्टरच नसलेली सुरी घ्यावी.

धार लावायला १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) एक दगड पुरतो. कोन साधायची सोपी युक्ती: पात्याची रुंदी ४५ मिमी असेल तर पाठ दगडापासून १२ मिमी उचला, १५ अंश होतात. एका बाजूने घासत राहा. दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बोटाला खरखरीत किनार लागली की बाजू बदला. (बोट पाठीकडून कडेकडे आणि कडेबाहेर ओढायचं, कडेच्या लांबीने कधीही फिरवायचं नाही.) ती किनार शेवटी हलक्या, आलटून पालटून ओढींनी काढावीच लागते. ती राहिली तर सुरी कागद झकास कापते आणि चार कांद्यांत बोथट होते. खाचेतून ओढायची तयार यंत्रं वेळ वाचवतात, पण धातू फार खातात आणि कड खडबडीत ठेवतात. कडक पोलादाचे तर टवके उडवतात.

काच, दगड किंवा स्टीलच्या बोर्डावर दोन्ही सुऱ्या सारख्याच झपाट्याने बोथट होतात. लाकूड किंवा मऊ प्लास्टिक ठीक. डिशवॉशर टाळा: भांड्यांवर आपटून कड जाते, लाकडी मूठ तडकते आणि खारट पाण्याने स्टेनलेसवरही बारीक खड्डे पडतात.

एकच घ्यायची असेल आणि घरात बरेच हात सुरी वापरत असतील तर शेफ नाइफ. दगड वापरायची तयारी असेल तर सांतोकू. सोबत ९ सेंमीची साधी सोलायची सुरी. तिच्यावर जास्त खर्च करायची गरज नाही.