लीचेस की चेस डॉट कॉम? बुद्धिबळाच्या रोजच्या पझलसाठी कुठलं टाकू?

डिसेंबर २०२४ ला गुकेश वर्ल्ड चॅम्पियन झाला, मग २०२५ ला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला वर्ल्ड कप मारला, तेव्हापासून मला सगळे हेच विचारतायत की रोज पंधरा मिनिटं मिळतात, बुद्धिबळ शिकायचंय, कुठलं अ‍ॅप घेऊ. माझ्या फोनमध्ये दोन्ही आहेत.

पैशाचं आधी उरकतो. लीचेस पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालतं, पझल्स हवी तेवढी. चेस डॉट कॉमच्या फुकट खात्यात रोजची मोजकीच, पुढे मेंबरशिप.

म्हणजे लीचेसच ना? मलाही तसंच वाटलेलं. पण अनलिमिटेड मिळालं की हात सुटतो हो, घोड्याने शह दिसला की दे ठोकून, चुकलं की पुढचं, बसमध्ये चाळीस पझल्स उडवली आणि घरी येऊन विचाराल तर एक आठवत नाही. मोजकीच असली की वाया घालवायला जीव होत नाही, माणूस थांबतो, समोरचा उंट मध्ये घालेल का वगैरे बघतो. म्हणून लीचेस घेतलं तर स्वतःच कोटा ठरवा, रोज दहा, बास. नाहीतर त्यात स्ट्रीक आहे ते खेळा, घड्याळ नाही, पझल्स अवघड होत जातात आणि एक चूक झाली की खेळ खलास, आपोआप डोकं लागतं. त्यातलाच स्टॉर्म हा घड्याळ लावून खेळायचा प्रकार मात्र नवख्याने राहू द्या, ३ मिनिटांत नुसती बोटं चालतात.

लीचेसचं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे थीम निवडता येते. आठवडाभर फक्त फोर्क (एकाच मोहऱ्याने दोघांवर हल्ला), मग फक्त पिन (मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे पुढचं अडकून बसतं), मग दोन चालीत मात. आणि पझल्स तिथल्याच लोकांच्या खऱ्या डावांतली, त्यामुळे पट आपल्या डावासारखाच विस्कटलेला असतो.

चेस डॉट कॉम कुणी घ्यावं? ज्याला कॅसलिंगसुद्धा (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) नीट येत नाही त्याने, किंवा घरातल्या पोरांसाठी. तिथले धडे बोट धरून शिकवतात, बॉटशी, म्हणजे कॉम्प्युटरशी, खेळायला पोरांना मजा येते.

एक मात्र दोन्हीकडे सारखंच, पझल रेटिंग (पझल्स सोडवून मिळणारा आकडा) बघून हुरळू नका, खऱ्या डावातलं बहुतेक बरंच खाली असतं (माझं तर विचारूच नका). पझलमध्ये आधीच माहीत असतं की इथे काहीतरी आहे, डावात कोण सांगणार? सिंगापूरला गुकेशच्या त्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या शेवटच्या १४ व्या डावात तेव्हाचा चॅम्पियन डिंग लिरेनने हत्ती एफ२ या घरात नेला, गुकेशने हत्ती मारून उंटांची अदलाबदल करायला लावली आणि उरलेल्या प्याद्यांत डिंगचा डाव गेला. तेच पझल म्हणून दिलं तर क्लबातलं पोरगंही सोडवेल.

तेव्हा कुठलंही टाका, पण दिवसाआड एक १५ मिनिटांचा डाव खेळा आणि हरलात तर नेमकं कुठे फसलं ते इंजिन (चुका दाखवणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) लावायच्या आधी स्वतः शोधा, लीचेसवर इंजिनही फुकटच आहे.